"एवढे कसे कळले नाही तुम्हांला?"

गुंगालिनमध्ये राहणाऱ्या आपल्यातील एका वडीलधाऱ्या काकांना गेल्या हिवाळ्यात टेलिफोन आला. बोलणारा स्वतःला बँकेचा अधिकारी म्हणवीत होता. तुमच्या खात्यात चोर शिरले आहेत, पैसे ताबडतोब सुरक्षित खात्यात हलवा, आणि घरात कोणाशी बोलू नका! काकांनी मुंबईस रेल्वेच्या कचेरीत जन्मभर हिशेब राखले. तरी अठरा हजार डॉलर गेले.

त्याहून वाईट पुढेच घडले. काकांनी चार महिने ही गोष्ट कोणाच्या कानावर घातली नाही. "एवढे कसे कळले नाही तुम्हांला?" हे वाक्य त्यांना मुलाच्या तोंडून ऐकायचे नव्हते. शेवटी गोष्ट फुटली, तेव्हा मुलगा नेमके तेच बोलला, तेही शब्बाथच्या जेवणावर, नातवंडांदेखत.

हे वाक्य आपल्या घरांतून हद्दपार झाले पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. चोर "कोणाशी बोलू नका" म्हणतो, आणि आपल्या जिभेच्या धाकाने म्हातारे माणूस खरोखरच बोलत नाही. पैसे गेल्यावर काही तासांत बँकेला कळविले, तर ते पुढे सरकण्याआधी अडविण्याची आशा असते. चार महिन्यांनी काय अडविणार?

आणि कळायचे ते फक्त काकांनाच होते काय? वर्षानुवर्षे येथील बँका पैसे पाठविताना शाखेचा व खात्याचा क्रमांक तेवढा पाहत. नावाच्या जागी काहीही लिहा, कोणी ताडून पाहत नसे! नाव जुळते की नाही हे दाखविण्याची सोय २०२५ च्या मध्यापासून सुरू झाली. बँकांवर देखरेख करणाऱ्या सरकारी आयोगाचा एप्रिल २०२३ चा अहवाल पाहा. चार मोठ्या बँकांच्या गिऱ्हाइकांचे २०२१-२२ या एका वर्षात ५५ कोटी ८० लाख डॉलरांहून अधिक बुडाले, आणि भरपाई मिळाली शेकडा दोन ते पाच!

ब्रिटनमध्ये ७ ऑक्टोबर २०२४ पासून अशा रीतीने देशातल्या देशात फसवून पाठवायला लावलेली रक्कम ८५ हजार पौंडांपर्यंत परत करणे बँकांवर बंधनकारक आहे. त्यातील निम्मा भार चोराचे खाते ज्या बँकेत असेल तिच्यावर. आपल्या येथे फेब्रुवारी २०२५ मध्ये कायदा संमत झाला खरा, पण त्यात भरपाई आपोआप मिळण्याची तरतूद नाही. भरपाई दिली तर लोक बेफिकीर होतील, असा एक युक्तिवाद असतो. पै पै जोडून परदेशात घर उभे करणारी आपली माणसे बेफिकीर होतील? असे म्हणणाऱ्यांनी आपल्या एखाद्या मावशीला बाजारात भाजी घेताना पाहावे.

काकांचा मार्ग अजून बंद झालेला नाही. प्रथम बँकेकडे लेखी तक्रार करावयाची; तीस दिवसांत समाधानकारक उत्तर न आल्यास 'ऑस्ट्रेलियन फायनान्शियल कंप्लेंट्स ऑथॉरिटी'कडे जाता येते. तेथे फी पडत नाही. मात्र कागद पुष्कळ लागतात: तारखा, टेलिफोनच्या नोंदी, खात्याचे उतारे. ते जुळविण्यास काकांशेजारी कोणीतरी बसले पाहिजे. मुलाला आम्ही तसे सांगितले आहे. रविवारी तो मोकळा असतो.