दोन टिकटिक आणि एक रिपोर्ट

विकांत म्हणजे आठवडाभराचे फॉरवर्ड्स उपसायचा वार. या शनिवारी कॉलेजच्या ग्रुपवर एक सापडला: 'स्किझोफ्रेनिया आता मशीन ओळखणार!' खाली अंगठ्यांची रांग. मंडळी, माझं डोकंच सटकलं. का, ते सांगतो.

आमचं गाव केळापूर. जगदंबेचं देऊळ आणि जवळून जाणारा नागपूर-हैदराबाद हायवे. माझ्या चुलतभावाला, दादाला, त्या हायवेवरचे ट्रक छळायचे. पंखा, कुकरची शिट्टी, शेजारचा टीव्ही.. सगळं एकदम आत घुसतं म्हणायचा आणि कान दाबून बसायचा. पुढे निदान झालं, स्किझोफ्रेनिया.

तोच आवाज पुन्हा आला की आपला मेंदू तो बाजूला टाकतो. हे टाकणं मोजता येतं. अर्ध्या सेकंदाच्या अंतराने दोन टिकटिक ऐकवायच्या आणि ईईजी घ्यायचा. आवाजानंतर साधारण ५० मिलिसेकंदांनी एक छोटी लाट उठते, पी-५०. निरोगी माणसात दुसरी लाट पहिलीपेक्षा बरीच लहान असते. स्किझोफ्रेनियाच्या पेशंट्समध्ये ती सरासरीने तितकी लहान होत नाही. कोलोरॅडोच्या अ‍ॅडलर, फ्रीडमन मंडळींनी हे १९८२ साली मांडलं. पुढे काही नातेवाइकांतही ते आढळलं. संशोधन म्हणून झकास. माझं भांडण त्याच्याशी नाहीच.

भांडण आहे ते 'सरासरी' हा शब्द गिळून टाकणाऱ्यांशी. लाट काही मायक्रोव्होल्टची, म्हणून डझनावारी जोड्यांची सरासरी काढावी लागते. मग दोन नॉइझी आकड्यांचा भागाकार. त्याच माणसाचा आकडा दुसऱ्या दिवशी वेगळा येऊ शकतो. हाच दोष बायपोलरच्या मॅनियातही दिसतो. निकोटीनने पेशंटचा आकडा थोडा वेळ सुधारतो, म्हणजे तपासणीआधी कोणी सिगरेट ओढली हेही बघायला हवं! हापिसात असं मेट्रिक कोणी प्रॉडक्शनला टाकलं असतं का?

आता साधं गणित. समजा, टेस्ट दोन्ही बाजूंनी ९० टक्के अचूक आहे (नाहीये, पण समजा). १००० माणसांत १० आजारी. त्यातले ९ सापडतील. उरलेल्या ९९० मधले ९९ उगाचच पकडले जातील. म्हणजे 'पॉझिटिव्ह' आलेल्या बारांमधला एकच खरा. बाकीच्या अकरांच्या लग्नाचं आणि नोकरीचं काय?

आणि उलटी चूक? ती आमच्या घरात झाली. कोणीतरी सांगितलं म्हणून काका दादाला शहरातल्या एका सेंटरवर 'ब्रेन मॅपिंग'ला घेऊन गेले. टेस्ट वेगळी, पण थाट तोच. रंगीत प्रिंटआउट, खाली 'नॉर्मल'. काका मला फोनवर म्हणाले, "मशीनीत तं नॉर्मल आलं, मंग गोळ्या काऊन देऊ?" गोळ्या थांबल्या. तीन महिन्यांनी दादा रात्री हायवेवर सापडला, ट्रक थांबवत होता. थोडक्यात वाचला.

काकांना हसू नका. २००८ साली पुण्यातल्या न्यायालयाने खुनाच्या खटल्यात दोषी ठरवताना ईईजीवरच्या अशाच एका चाचणीला पुराव्यात धरलं होतं. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा चाचण्या संमतीशिवाय करायला मनाई केली. शिकलेले लोकही आलेखापुढे मान तुकवतात, तर शेतकऱ्याने काय करावं?

आजही स्किझोफ्रेनियाचं निदान डॉक्टर बोलूनच करतात: लक्षणं काय, किती दिवस, घरचे काय सांगतात, आणि दुसरा शारीरिक आजार नाही ना. रक्त किंवा स्कॅन तपासतात ते दुसरं कारण वगळायला. हे ऐकायला हायटेक वाटत नाही, मान्य. पण पी-५० प्रयोगशाळेत कामाचा आहे, तिथेच त्याला वाढू द्या. घरात कोणी कान दाबून बसत असेल तर मशीनची वाट बघू नका, मानसोपचारतज्ज्ञाला गाठा. १४४१६ वर टेली-मानसची फोनसेवा मोफत आहे.

असो. दादा परत गोळ्या घेतोय. ट्रक अजून जातातच. आणि तो फॉरवर्ड तुमच्याकडे आला, तर कृपया पुढे ढकलू नका.