निळी ठिणगी

फटाक्याची वात पेटविताना आपण हात शक्य तेवढा लांब धरतो आणि ती पेटली की मागे पळतो. पेट्रोलच्या इंजिनात हेच काम मिनिटाला चार-पाच हजार वेळा करावे लागते, आणि विमानात बसलेल्या माणसाला मागे पळण्याची सोय नसते. परिभाषेच्या कोशांत या कामाला ‘प्रज्वलन’ म्हणतात. शब्द चांगला आहे. पण तो ऐकला की मला समई, प्रमुख पाहुणे आणि काही केल्या न पेटणारी वात आठवते. गॅरेजातली मंडळी त्यालाच ‘करंट’ म्हणतात. मराठीचा प्राध्यापक असूनही या लेखापुरता मी गॅरेजच्या बाजूचा आहे.

घरी बांधलेल्या विमानाचा विषय निघाला की आपल्याकडे कोणीतरी तळपद्यांची आणि १८९५ सालच्या चौपाटीची कथा काढतोच. तिला विश्वसनीय पुरावा नाही. म्हणून ती सोडून देऊ. जवळचे आणि खरे उदाहरण असताना तिच्या मागे लागण्याचे कारणही नाही. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीच्या चारकोपमध्ये राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान बांधले. जिथे इतर कुटुंबे पापड वाळवितात, तिथे या कुटुंबाने पंख जोडले. फेब्रुवारी २०१६ मध्ये ते विमान गच्चीवरून उतरून वांद्रे-कुर्ला संकुलातील ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात आले, नोव्हेंबर २०१७ मध्ये ‘व्हीटी-एनएमडी’ या खुणेने त्याची सरकारदरबारी नोंद झाली आणि २०२० साली धुळ्याच्या धावपट्टीवर त्याची चाचणी झाली. त्या जिद्दीवर पुष्कळांनी लिहिले आहे. मला लिहायचे आहे ते असे विमान बांधणाऱ्या कोणाही माणसापुढे उभ्या राहणाऱ्या एका निवडीविषयी: करंट घ्यायचा कोणाकडून? जुन्या मॅग्नेटोकडून, की नव्या इलेक्ट्रॉनिक इग्निशनकडून?

कारखान्यातून आलेल्या विमानात असा बदल मंजुरीवाचून करता येत नाही. घरी बांधणाऱ्याला ती मोकळीक पुष्कळच असते, आणि बहुधा त्यात बसून उडणाराही तोच असतो. घरची माणसे खाली उभी असतात.

मॅग्नेटो म्हणजे इंजिनानेच फिरविलेले एक लोहचुंबक आणि त्याच्या शेजारी तारेचे वेटोळे. त्याला बॅटरी लागत नाही. राइट बंधूंनी १७ डिसेंबर १९०३ रोजी पहिले उड्डाण केले तेव्हा इंजिन सुरू करण्यापुरती बॅटरी वापरली, ती जमिनीवरच ठेवली, आणि वर गेले ते मॅग्नेटोच्या भरवशावर. छोट्या विमानांत आजही प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग आणि इंजिनाला दोन मॅग्नेटो असतात. एक गेला तर दुसरा घरी आणतो.

हा म्हातारा स्वावलंबी आहे, पण हट्टी. पिस्टन माथ्यावर पोचण्याआधी ठरलेल्या अंशावर, पुष्कळ इंजिनांत पंचवीस अंशांवर, तो ठिणगी टाकतो. मग विमान जमिनीवर असो की दहा हजार फुटांवर. वर हवा विरळ असते, मिश्रण सावकाश जळते, तेव्हा ठिणगी जरा लवकर पडली तर बरे. इलेक्ट्रॉनिक पेटी ते जाणते. इंजिनाच्या फिरत्या दांड्याजवळचा एक डोळा तिला पिस्टन कुठे आहे ते सांगतो, एका बारीक नळीतून हवेचा दाब कळतो, आणि त्यावरून ती वेळ मागेपुढे करते. इंजिन चटकन सुरू होते, पेट्रोल वाचते, ठिणगीही जोरकस पडते. फक्त तिला बॅटरी लागते.

यातले मर्म मला समजावले ते जानेफळच्या एका मिस्त्रींनी. बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यातले हे गाव. मुंबई-नागपूर अशी सरळ रेघ नकाशावर ओढली तर ती याच्या जवळून जाते, एवढाच त्याचा विमानांशी संबंध. मिस्त्रींपुढे दोन मोटारसायकली उभ्या होत्या, एक जुनी पॉइंटवाली आणि एक सीडीआयची. प्लग काढून त्यांनी इंजिनावर टेकविला, किक मारली आणि मला वाकून पाहायला सांगितले. “करंट निया पाह्यजे, सर. पिवया असला तं गाडी चालते, पन चढावर दम सोडते.” (वऱ्हाडीत ‘ळ’चा ‘य’ होतो, निळा करंट निया होतो आणि तरीही तितकाच निळा असतो.) मग सीडीआयकडे बोट दाखवून म्हणाले, “पॉइंट मरायच्या आधी खोकते. हे गेलं तं राम राम बी म्हनत नाही.”

विमानात या फरकाला आणखी एक धार आहे. मॅग्नेटो बंद करतात तो वीज तोडून नव्हे, तर त्याची वीज एका तारेने इंजिनाच्या धातूत मुरवून. ती तार तुटली तर बटण ‘बंद’वर असूनही मॅग्नेटो जिवंत राहतो, आणि कोणी सहज पंखा हाताने फिरविला तर इंजिन धडकन सुरू होऊ शकते. इलेक्ट्रॉनिकचे उलटे. तिची तार तुटली की ती मुकाट्याने मरते. एकाची तार तुटली तर तो बंद होत नाही, दुसरीची तुटली तर ती चालत नाही. एकाचा धोका जमिनीवर, दुसरीचा आकाशात. म्हणूनच पुष्कळ जाणते बांधणारे एका बाजूला मॅग्नेटो राहू देतात आणि दुसऱ्या बाजूलाच नवी पेटी बसवितात. दोन सारख्या वस्तू एकाच कारणाने एकदम दगा देतील. दोन निराळ्या देणार नाहीत. मला हा शहाणपणा यंत्रशास्त्राइतकाच व्यवहाराचा वाटतो. आमच्या पिढीच्या घरांत दिवे आले तरी कंदील कोणी मोडीत घातला नव्हता.

बसविण्याचे काम वेळखाऊ आहे, अवघड नाही. पेटीची तार मुख्य स्विचवरून न नेता निराळ्या फ्यूजमधून थेट बॅटरीकडे नेतात. कारण विमानात कुठे जळका वास आला आणि चालकाने मुख्य स्विच बंद केला, तर इंजिनानेही त्याची साथ सोडता कामा नये. ठिणगीचा क्षण चुकला तर सुरू करतानाच इंजिन उलटा हिसका देते. ज्याच्या पिंढरीला बुलेटची किक लागली आहे त्याला अधिक सांगायला नको. उड्डाणात ती फार लवकर पडू लागली तर मात्र आत ठोके बसू लागतात आणि पिस्टन वितळू शकतो.

खरा कस लागतो तो चाचणीत, आणि ही चाचणी चालवून पाहण्याची नसून बंद करून पाहण्याची असते. विमान बांधून ठेवायचे, इंजिन मिनिटाला सतराशे-अठराशे फेऱ्यांवर न्यायचे आणि एकेक बाजू बंद करायची. दोन मॅग्नेटो असले तर फेरे थोडे उतरतात. पावणेदोनशेहून अधिक उतरू नयेत असा पुष्कळ इंजिनांचा दंडक आहे. गंमत अशी, की ते मुळीच उतरले नाहीत तर आनंद मानायचा नसतो. ती मुरवणारी तार तुटली असण्याची शक्यता असते. एका बाजूला पेटी आली की हिशेब बदलतो. पेटी बंद करून एकट्या मॅग्नेटोवर आले तर फेरे चांगलेच उतरतात, उलट केले तर जेमतेम. जुने आकडे डोक्यात ठेवून पाहणाऱ्याला वाटते, मॅग्नेटोच बिघडला.

मग जनित्र बंद करून नुसत्या बॅटरीवर इंजिन चालवायचे आणि घड्याळ लावून बसायचे. किती मिनिटे? व्होल्ट कितीवर आले असता पेटी अडखळली? पुस्तकात छापलेला आकडा आणि आपल्या विमानातला आकडा यांत अंतर पडते, आणि वर गेल्यावर उपयोगी पडतो तो आपला. रेडिओत खरखर येते का, होकायंत्राचा काटा ढळतो का, हेही त्याच बैठकीत पाहून घेतात.

एवढे झाल्यावर उड्डाण; तेही विमानतळाच्या डोक्यावरच घिरट्या घालीत, भरपूर उंची घेऊन, इंजिन थांबले तरी तरंगत धावपट्टीवर येता येईल इतक्या अंतरात. तिथे पोचल्यावर चालक आधी पेटी बंद करतो आणि मॅग्नेटोचा आवाज ऐकतो. ती पुन्हा सुरू करतो, थोडा थांबतो आणि मग मॅग्नेटो बंद करतो. आता तो एका डब्याच्या आणि एका बॅटरीच्या भरवशावर आहे. दहापर्यंत अंक मोजायचे, खालची धावपट्टी नजरेतून सोडायची नाही, आणि आकडे गुडघ्यावरच्या वहीत लिहून घ्यायचे.