खोकं ठेवलं, कॉम्प्युटर काढून टाकला

युट्यूबवर एक ठरावीक व्हिडिओ सारखा समोर येतो. जुना झेडएक्स स्पेक्ट्रम घ्यायचा, स्क्रू काढायचे, आतला बोर्ड उचलून बाजूला ठेवायचा, रिकाम्या खोक्यात रास्पबेरी पाय बसवायचा आणि मागून एचडीएमआय केबल काढायची. वर नाव काय, तर 'फुल रिस्टोरेशन'! बाजूला ठेवलेल्या बोर्डाचं पुढे काय झालं, हे कुणीच विचारत नाही.

वाड्याचा दरवाजा तेवढा ठेवून मागे टॉवर उभा केला, तर त्याला आपण जीर्णोद्धार म्हणू का? (बिल्डर म्हणतात, ते सोडा.)

स्पेक्ट्रम एप्रिल १९८२ मध्ये इंग्लंडमध्ये आला. १६ के मेमरीचा १२५ पौंडांना, ४८ के वाला १७५ पौंडांना. साडेतीन मेगाहर्ट्‌झचा झेड८० प्रोसेसर, आणि प्रोग्राम लोड व्हायचे कॅसेटवरून. पुढे पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने त्याची परवाना घेतलेली भारतीय आवृत्तीही काढली, म्हणजे एखादा आपल्याकडच्या माळ्यावरही धूळ खात असेल.

हे मशीन स्वस्त ठेवण्यासाठी काय काय केलंय ते बघा. ४८ के मॉडेलमधल्या वरच्या ३२ के मेमरीसाठी अशा ६४ किलोबिटच्या चिप्स वापरल्या, ज्यांचा अर्धा भाग सदोष निघाला होता. चांगला अर्धा कुठला, हे बोर्डावरच्या तारेच्या छोट्या जोडणीने ठरवायचं. म्हणजे कचऱ्यात जाणाऱ्या मालातून कॉम्प्युटर! इम्युलेटरमध्ये यातलं काही दिसत नाही. तिथे मेमरी म्हणजे फक्त एक अ‍ॅरे.

खालच्या १६ के मेमरीच्या ४११६ चिप्सना +५, +१२ आणि −५ असे तीन व्होल्टेज लागतात. −५ गेलं की चिप्स मरतात. घाईघाईने नव्या चिप्स लावल्या तर त्याही मरतात, कारण दुखणं व्होल्टेज बनवणाऱ्या सर्किटमध्ये असतं. म्हणून आधी मल्टिमीटर, मग सोल्डरिंग. आपण ऑफिसात ज्याला डीबगिंग म्हणतो, ते बऱ्याचदा लॉग चाळून कंटेनर रिस्टार्ट करणं असतं. कॉलेजच्या लॅबमध्ये ८०८५ च्या किटवर हेक्स कोड टाइप केला, जर्नलवर सही घेतली, पण बिघडलेलं किट उघडायची परवानगी आम्हाला कधीच नव्हती. स्पेक्ट्रमचा बोर्ड मात्र सर्किट डायग्राम शेजारी ठेवून एका माणसाला अख्खा समजून घेता येतो. आज आपण वापरतो त्यातलं असं काय उरलंय?

आता कुणी म्हणेल, हा सोवळ्यातला माणूस दिसतोय. अजिबात नाही. कॅसेटऐवजी एसडी कार्ड लावा, खुशाल लावा. तापणारा ७८०५ रेग्युलेटर काढून स्विचिंग रेग्युलेटर बसवा, उलट बोर्ड वाचेल. कीबोर्डचा तडकलेला मेम्ब्रेन नवा मिळतो. फेरांटीची यूएलए चिप गेली, तर तिच्याच सॉकेटमध्ये बसणारे आजचे पर्याय आहेत. मला फक्त एवढंच बघायचंय, की तुमच्या हातून गेल्यावर पुढच्या माणसाला हे परत फिरवता येईल का. एचडीएमआयसाठी केस कापलीत, तर नाही येणार.

आणि सुटे भाग काही कायम मिळणार नाहीत. १९७६ पासून बनत आलेल्या झेड८० च्या स्वतंत्र चिपसाठी झायलॉगने २०२४ मध्ये शेवटच्या ऑर्डरी घेतल्या. चालू होऊ शकणारा प्रत्येक बोर्ड आपण ड्रॉवरमध्ये टाकतोय तो अशा वेळी.

ज्यांना नुसते जुने गेम हवेत, त्यांच्यासाठी २०२४ मध्येच 'द स्पेक्ट्रम' नावाचं नवंकोरं मशीन आलंय, आत इम्युलेटर, बाहेर तेच रबरी कीबोर्डचं रूप. ते घ्या, मजा करा. बोर्ड आधीच काढून ठेवला असेल, तर अँटिस्टॅटिक पिशवीत घाला आणि मल्टिमीटर बाळगणारं कुणी ओळखीचं असेल त्याला देऊन टाका.