खेळाचा तास

मधुमेह हा श्रीमंतांचा रोग, ही समजूत आता टाकली पाहिजे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशातील मधुमेह्यांची संख्या १० कोटींवर अंदाजिली आहे.

पूर्वी वसईच्या वाडीत केळी-पानवेलींस पाणी देता देताच देहास श्रम घडत. आणि श्रमणाऱ्या स्नायूंत रक्तातील साखर खर्ची पडते. हल्ली पहाटे विरारची गाडी गाठावयाची, चर्चगेटास उतरून दिवसभर बसावयाचे, रात्री उशिरा जेवावयाचे! अशा गृहस्थास आळशी म्हणणे अन्यायाचे होय. त्यास वेळच उरत नाही. मुलांस तो अद्यापि आहे. परंतु परीक्षा जवळ आली की पहिली कुऱ्हाड खेळाच्या तासावर पडते, हे आम्हांस मुळीच मान्य नाही. गणितास जादा तास हवाच असेल, तर तो खासगी शिकवणीच्या वेळातून काढावा.