गुरू ओळखावा कसा?

गेल्या महिन्यात आमच्या खालांना इस्पितळात दाखल करावे लागले. रक्तातील साखर चारशेच्या पुढे गेली होती. चौकशी केली तेव्हा कळले, की तीन आठवडे त्यांनी इन्सुलिन घेतलेच नव्हते. एका बाबांनी दम केलेले पाणी दिले होते आणि बजावले होते, "सुई आणि दुआ बरोबर चालत नाही. मनात शंका आणलीत तर शिफा होणार नाही."

अल्लाहच्या कृपेने खाला वाचल्या. पण शुद्धीवर आल्यावर त्या म्हणाल्या, "बेटा, माझंच यकीन कमी पडलं." हे वाक्य आमच्या मनातून जात नाही. औषध बंद करायला लावणारा निर्दोष, आणि भोगणारी मात्र दोषी!

आपल्याकडे गुरू म्हणा, पीर म्हणा, मुर्शिद म्हणा, त्याचे स्थान फार मोठे आहे. विद्या माणसाकडून माणसाला मिळते, म्हणून ते असावेही. आम्ही स्वतः शिक्षक आहोत, उस्तादाचा मान कमी करा असे आम्ही कसे म्हणू? पण खरा उस्ताद ओळखायचा कसा? आम्हाला एक कसोटी पटते. लोक मोठेपण देऊ लागले, की तो माणूस काय करतो ते पाहावे.

जिद्दू कृष्णमूर्तींचे उदाहरण घ्या. थिऑसॉफिस्टांनी त्यांना लहानपणीच भावी जगद्गुरू ठरवले. 1911 साली त्यांच्यासाठी एक संघ स्थापन झाला, हजारो लोक त्याचे सभासद झाले. 3 ऑगस्ट 1929 रोजी हॉलंडमधील ओमेन येथे, अ‍ॅनी बेझंट यांच्यासमोर, कृष्णमूर्तींनी तो संघ स्वतःच बरखास्त केला आणि आपल्याला अनुयायी नकोत असे सांगितले. पुढे त्यांच्याही नावाने संस्था उभ्या राहिल्या हे खरे, तरी मिळालेले सिंहासन सोडायला हिंमत लागते.

आता दुसरे उदाहरण. आचार्य रजनीश 1974 साली पुण्यात कोरेगाव पार्कला आले आणि 1981 साली अमेरिकेला गेले. भक्तांनी दिलेल्या रोल्स रॉईस मोटारींची संख्या नव्वदच्या वर गेली, त्यांनी त्या घेतल्या. 1984 साली त्यांच्या काही निकटच्या अनुयायांनी स्थानिक निवडणुकीवर डोळा ठेवून हॉटेलांतील अन्नात जंतू मिसळले. 751 लोक आजारी पडले. आपल्याला काहीच माहीत नव्हते, असे रजनीश म्हणाले. तसे असले तरी, शिष्यांनी विचार करणे सोडले की काय घडते, ते यावरून दिसते.

पण दुसऱ्यांच्या गुरूंकडे बोट दाखवणे सोपे असते. आपल्या घराचे काय? आपल्यापुढे तर याहून मोठा आदर्श आहे. हजरत पैगंबरांचे (स.) चिमुकले पुत्र इब्राहिम वारले, त्याच दिवशी सूर्याला ग्रहण लागले. लोक म्हणू लागले, इब्राहिमच्या जाण्याने सूर्य झाकोळला. पैगंबरांनी नुसते गप्प राहिले असते, तरी तो चमत्कार ठरला असता. पण त्या दुःखातही त्यांनी लोकांना सांगितले, की ग्रहण कोणाच्या मरणाने किंवा जन्माने लागत नाही. आजारात इलाज करा, अशीही त्यांची शिकवण आहे.

म्हणून बंधू-भगिनींनो, कोणाचा हात धरण्याआधी चार गोष्टी पाहा. तो प्रश्न विचारू देतो का? औषध बंद करायला सांगतो का? घरच्यांपासून लपवायला सांगतो का? आणि गुण आला नाही, तर दोष कोणाच्या माथी मारतो?

ग्रहणाची ही हकिकत आम्ही खालांना ऐकवली. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे सुई टोचताना दुआ मागितली तरी चालते ना?" चालते, खाला. दोन्ही चालते.

बाबांचा तावीज अजून त्यांच्या गळ्यात आहे. तो काढा असे आम्ही म्हटलेले नाही. सुई मात्र रोज वेळेवर होते.