अडकलेलं काडतूस : जोर नको, आधी खात्री

भात पोटरीला आलं की आमच्या कोकणात रात्रीची राखण सुरू होते. डुकरं हाकलायला बार काढावा लागतो. पीक संरक्षण परवान्याच्या बारा बोर बंदुका जुन्या, त्यात हवा दमट. बार झाला, बंदूक उघडली, तर रिकामं काडतूस आतच घट्ट! मग आपण काय करतो? खिशातला चाकू काढून उचकटतो.

मीही तेच केलं होतं. स्क्रू ड्रायव्हरने उचकटताना काडतुसाच्या घराला आतून ओरखडे पडले. तेव्हापासून दर दुसरं काडतूस अडकू लागलं. पण त्याहून मोठी चूक पुतण्या करणार होता. काडतूस उडालंच नव्हतं आणि हा नळीच्या तोंडातून गज घालायला निघालेला. वेळेवर हात धरला म्हणून निभावलं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. पहिला प्रश्न "कसं काढू" हा नाही, "उडालंय का" हा आहे. बुडाच्या टोपीवर खड्डा दिसला म्हणजे उडालं असं नाही. न उडालेल्यावरही खड्डा पडतो. चाप ओढून बार झाला नाही, तर नळी मोकळ्या रानाकडे धरून निदान एक मिनिट थांबा. फुसका आवाज आला तर दुसरा बार मुळीच नको, नळीत बूच अडकलेलं असू शकतं. शंका असली की परवानाधारक कारागीर गाठा. गावच्या लोहाराकडे नको, बंदूक दुरुस्तीलाही कायद्याने परवाना लागतो.

बार नक्की झालाय, छर्रे गेलेत, तरच नळी उतरवून तोंडाकडून सागवानी गोल काठीने हलकेच ठोका. लोखंडी गज नको. निघालं नाही तर थांबा.

आणि मुळावर या. घरात गंज किंवा जुना मळ असला की काडतूस धरून बसतं. कागदी काडतूस ओलाव्याने फुगतं. जुन्या बंदुकीचं घर ६५ मिलिमीटरचं असेल तर ७० चं काडतूस घालू नका. न उडालेलं ते आत बसतं, पण उडाल्यावर त्याचं तोंड उघडायला जागा पुरत नाही, दाब वाढतो. नळीवर कोरलेला आकडा वाचा, नसेल तर कारागिराकडून मोजून घ्या.

कोयत्याला धार लावतो तशी राखणीनंतर बंदूक पुसा, तेलाचा हात फिरवा. एका रात्रीचं भात गेलं तर पुढच्या साली पिकेल. बोटं पिकत नाहीत.