शिट्टी न वाजणारा कुकर

'ताई, आई म्हणते तीन शिट्ट्या काढ. पण याला शिट्टीच नाहीये!'

रात्री साडेनऊचा फोन. पलीकडे माझा धाकटा भाऊ. वय 27, बँकेत ऑफिसर, मुक्काम पोस्ट अक्कलकुवा, जिल्हा नंदुरबार. पुण्यात असताना त्यानं स्वयंपाकघरात जाऊन केलेलं एकमेव काम म्हणजे फ्रिज उघडणं. त्यामुळे पोस्टिंगची ऑर्डर आल्यावर घरात सगळ्यात मोठा प्रश्न होता, 'हा खाणार काय?'

पहिल्या सहा महिन्यांत त्याचं उत्तर मिळालं. सकाळी चहा-बिस्किटं, दुपारी बाहेरचं जे मिळेल ते आणि रात्री दोन मिनिटांच्या नूडल्स. मग एकदा सहज म्हणून केलेल्या ब्लड टेस्टमध्ये एचबीए1सी आला 6.1. मागच्या दोन-तीन महिन्यांत रक्तातली साखर सरासरी किती होती, ते हा आकडा सांगतो. 5.7 ते 6.4 म्हणजे डायबेटीसच्या उंबरठ्यावर, 6.5 पासून पुढे थेट आत. आमच्या बाबांना चाळिशीतच डायबेटीस झालाय. त्यामुळे हा आकडा ऐकून घरात कुणीच हसलं नाही.

खोलीत गॅस नाही, एकच प्लग पॉइंट. म्हणून मी त्याला वाढदिवसाला तीन लिटरचा इलेक्ट्रिक मल्टीकुकर पाठवला. प्रेशर कुकर, कढई, वाफेचं भांडं आणि दही लावायचं पातेलं, सगळं एकातच. तसं हे घराणं जुनं. जपानमध्ये तोशिबानं 1955 मध्ये इलेक्ट्रिक राइस कुकर बाजारात आणला. 2010 मध्ये कॅनडातून 'इन्स्टंट पॉट' आला आणि बटणांचा कुकर जगभरच्या ओट्यांवर जाऊन बसला. आता आपल्याकडेही डझनभर बटणांची मॉडेल्स मिळतात. तुम्ही त्या बटणांच्या जंगलात शिरू नका. कामाची बटणं चारच: प्रेशर, सॉते, स्टीम आणि योगर्ट.

शिट्टीचं गणित

आता शिट्टीचं. आपल्या नेहमीच्या कुकरमध्ये दाब साधारण 15 पीएसआय असतो. बहुतेक इलेक्ट्रिक कुकर 10 ते 12 च्या आसपास काम करतात आणि ठरलेला दाब आला की आच आपोआप कमी करतात. म्हणून शिट्टी होत नाही आणि डाळ-कडधान्यांना थोडा जास्त वेळ लागतो. शिवाय मिनिटांची मोजणी दाब चढल्यावर सुरू होते. '10 मिनिटं' लावली की चढायला आठ-दहा आणि उतरायला आणखी दहा धरायची. म्हणजे जेवण अर्ध्या तासात. पण तो अर्धा तास तुम्हाला तिथे उभं राहावं लागत नाही. अंघोळ करा, मेल टाका, मॅच बघा. आणि विजेची काळजी नको. छोट्या भांड्यातली एक खिचडी अर्ध्या युनिटच्या आत होते.

फोनवर किती शिकवणार? शेवटी मीच गेले. नंदुरबारहून तळोदामार्गे अक्कलकुवा. पुढे गुजरातची हद्द, वरच्या बाजूला देवगोईचा घाट चढला की मोलगी. डोंगर उतारावर भगर पिकते आणि उन्हाळ्यात कैऱ्यांच्या फोडी वाळवून आमचूर तयार होतं. आणि माझा भाऊ या सगळ्याच्या मधोमध बसून पुण्यात मिळतात त्याच पाकिटातल्या नूडल्स खात होता!

त्याच्या घरमालकीणकाकूंनी कुकर उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, 'हे सगळं करतं, मग यात घालायचं काय ते कोण सांगणार?'

करेक्ट प्रश्न. ते काकूंनीच सांगितलं. मी फक्त मिनिटं बसवली. खालची मापं दोन माणसांची, वाटी आपली आमटीची.

1. भगरीची खिचडी

पुण्यात आपण हिला वरी म्हणतो आणि फक्त उपासाला आठवतो. इथे ती जेवणातलं धान्य आहे.

साहित्य: पाऊण वाटी भगर, अर्धी वाटी मूगडाळ, वाटीभर चिरलेल्या भाज्या (गाजर, फरसबी, दुधी, जे असेल ते), एक टोमॅटो, आल्याचा तुकडा, दोन चमचे तेल, जिरं, हळद, मीठ, चार वाट्या पाणी.

कृती: सॉतेवर तेल तापवून जिरं, आलं, हळद घाला. धुऊन निथळलेली भगर आणि डाळ दोन मिनिटं परता. भाज्या, टोमॅटो, मीठ आणि पाणी घाला. तळाला काही चिकटलं असेल तर डावानं खरवडून मोकळं करा, नाहीतर मशीन रुसतं. झाकण लावून प्रेशर 6 मिनिटं. दाब आपोआप उतरू द्या. भगर फेसाळते, म्हणून भांडं अर्ध्याच्या वर कधीच भरू नका.

टीप: भगर नेहमी ताजी, कोरडी आणि स्वच्छ घ्या. जुन्या, ओल लागलेल्या भगरीला बुरशी लागते आणि नवरात्र, महाशिवरात्रीच्या सुमारास विषबाधेच्या बातम्या येतात त्या यामुळेच. सुटं, दळून ठेवलेलं पीठ तर नकोच. आणखी एक. भगर म्हणजे साखर न वाढवणारं जादूचं धान्य नव्हे. तीही पिष्टच. म्हणून डाळ आणि भाजी सढळ हातानं घाला, भगर मोजून.

2. सालीची उडीद डाळ, आमचूर घालून

साहित्य: पाऊण वाटी सालीची उडीद डाळ (तासभर भिजवून), आठ-दहा लसूण पाकळ्या, दोन हिरव्या मिरच्या, आमचुराच्या तीन-चार फोडी, एक सुकी लाल मिरची (नंदुरबारमध्ये आहात तर तिथलीच), तेल, जिरं, हळद, मीठ, तीन वाट्या पाणी.

कृती: डाळ, हळद, हिरव्या मिरच्या, निम्मा लसूण आणि पाणी एकत्र करून प्रेशर 12 मिनिटं. दाब उतरल्यावर डाळ जरा घोटा. आमचुराच्या फोडी आणि मीठ घालून सॉतेवर तीन-चार मिनिटं उकळा. फोडणी वेगळी करायला दुसरं भांडं नसेल तर ती सगळ्यात आधी याच भांड्यात करून वाटीत काढून ठेवा आणि शेवटी वरून ओता. लसूण लाल झाला पाहिजे, काळा नाही.

टीप: आमचूर आधी घालायची घाई नको. आंबटपणामुळे डाळ शिजायला वेळ लागतो. भाकरी थापता येत नसेल तर लाजू नका, माझ्या भावालाही येत नाही. तो काकूंकडून रोज दोन भाकरी घेतो आणि त्यांना डाळ देतो. उत्तम एक्स्चेंज रेट!

3. फुनके आणि कढी

ही खास खान्देशी चीज. तळलेलं काही नाही, सगळं वाफेवर. रविवारच्या ब्रंचला एकदम फिट.

साहित्य: एक वाटी तूरडाळ (जवळच्याच नवापूरच्या तूरडाळीला भौगोलिक मानांकन आहे), पाव वाटी चणाडाळ, तीन मिरच्या, सहा-सात लसूण पाकळ्या, जिरं, एक बारीक चिरलेला कांदा, मूठभर कोथिंबीर, चमचाभर तेल, मीठ.

कृती: डाळी चार तास भिजवून पूर्ण निथळा. मिरची, लसूण, जिरं घालून पाणी न घालता भरड वाटा. बाकीचं मिसळून अंगठ्याएवढे लांबट मुटके वळा. कुकरमध्ये दीड वाटी पाणी घालून स्टँडवर तेल लावलेली चाळणी ठेवा. स्टीम लावा, पण वाफेचा व्हॉल्व्ह उघडा ठेवा. अशा वेळी मशीनचा टायमर कामाचा नाही. वाफ येऊ लागली की मोबाइलवर 15 मिनिटं लावा. सुरी घालून पाहा, कोरडी बाहेर आली की झालं.

कढीसाठी दही आदल्या रात्रीच लावा. कोमट दूध, चमचाभर विरजण, योगर्ट मोड, आठ तास. सकाळी ताक घुसळून थोडं बेसन, आलं, मिरची घाला आणि सॉतेवर ढवळत एक उकळी काढा. लक्ष हललं तर फाटते, मग मला फोन करू नका.

वीज गेली तर?

मधेच लाइट गेले तर झाकणाशी झटापट करू नका. आत दाब असतो. झाकणावरची पिन खाली बसेपर्यंत थांबा. लाइट आल्यावर उरलेली मिनिटं पुन्हा लावा. आणि झाकणाची रबरी रिंग रोज काढून धुवा, नाहीतर दह्याला लसणाचा वास येईल. अनुभवाचे बोल!

तीन महिन्यांनी भावानं परत टेस्ट केली. 5.8. डॉक्टरांनी सांगितलं, सुधारणा आहे, पण उंबरठा अजून ओलांडलेला नाही. संध्याकाळचं चालणं चालू ठेवा, हे जेवणही चालू ठेवा. म्हणजे हे क्रेडिट एकट्या कुकरचं नाही. कुकरनं फक्त 'वेळ नाही' हे कारण काढून घेतलं. बाकी त्याचं त्यानं केलं.

परवा घरी गेले तर आईची रेसिपीची वही ओट्यावर उघडी होती. उडदाच्या डाळीपुढे तिचं जुनं अक्षर: 'तीन शिट्ट्या'. आणि खाली नव्या पेननं: 'बाळच्या भांड्यात 12 मिनिटं.' बाबांसाठी तसाच कुकर घ्यायचा म्हणतेय.

पुढच्या आठवड्यात: याच भांड्यातला सकाळचा नाश्ता, ज्वारीच्या कण्यांची आंबील. रात्री भिजवा, सकाळी खा!